सड्यावरची रात्र आणि आठ तासांची शिदोरी

रत्नागिरीला पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी टिळकांचं जन्मस्थान, मग थिबा राजवाडा, दुपारी सोलकढीसकट जेवण, उन्हं उतरली की भगवतीचा किल्ला आणि दीपगृह. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे. परतताना आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं. झाली रत्नागिरी! सूर्य समुद्रात बुडाला की मंडळी त्याचा फोटो काढतात आणि मुक्कामाला परततात. आमच्या गावाची अर्धी श्रीमंती त्यानंतर उगवते, ती बघायला मात्र कुणी थांबत नाही.

ती बघायची तर सड्यावर जायला हवं. सडा म्हणजे अंगणात घालतो तो नव्हे हं! कोकणात सडा म्हणतात जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला. समुद्रकाठची गावं खाली नारळी-पोफळीत लपलेली असतात आणि घाटी चढून वर आलं की मैल-मैल सपाट, काळपट तांबडा कातळ. पावसाळ्यात त्यावर इवल्या इवल्या फुलांचे गालिचे, दिवाळीनंतर वाळलेलं पिवळं गवत आणि चैत्र-वैशाखात नुसता तवा. झाड नाही, घर नाही, आडोसा नाही. दिवसा तिथं काय बघायचं, असं कुणीही म्हणेल. पण रात्री हाच सडा म्हणजे आकाश ठेवायला केलेलं ताट वाटतं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मध्ये काही येत नाही.

आमच्या घरी हे सड्याचं वेड शिरलं ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर आडिवऱ्याचं, महाकालीच्या देवळाजवळचं. लहानपणी घरात घड्याळ नव्हतं. "अगो, घड्याळ कसलं विचारतेस! तिकांडं मावळतीला कललं की आई आम्हांला जात्यावर बसायला उठवायची," असं त्या सांगतात. तिकांडं म्हणजे मृग नक्षत्रातल्या ओळीनं असलेल्या तीन चांदण्या. सप्तर्षींना त्या बाज म्हणतात. म्हातारीची बाज, आणि ती पळवायला आलेले मागचे तीन चोर. मार्गशीर्षात ही बाज ईशान्येला उभीच्या उभी उगवते. "बाज पुरती वर आली म्हणजे मध्यरात्र सरली. मग कुशीवर वळून अजून एक झोप काढायची," हा त्यांचा लहानपणीचा हिशेब.

आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, आणि गुडघे म्हणजे काही विचारू नका. चौकात उंच खांबावरचा मोठा दिवा लागल्यापासून आमच्या अंगणातून तिकांडंसुद्धा धड दिसत नाही. दिवा नको होता असं मी म्हणणार नाही. क्लासहून उशिरा परतणाऱ्या मुलींना तो हवाच. पण त्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात कशाला, एवढं मात्र मला वाटतं. वर टोपी बसवली असती तरी काम झालं असतं. असो. गेल्या गणपतीत सासूबाई सहज म्हणाल्या, "एकदा बाज उगवताना बघायची राहिली. आता काय सड्यावर जाणं होतंय!" पुण्याहून सुट्टीला आलेली माझी लेक ते ऐकत होती. ती म्हणाली, "आजी, तू नको जाऊस. आम्ही बाज इकडे आणतो."

आणायची कशी? तर कॅमेऱ्यात. लेकीनं जुन्या बाजारातून चांगला कॅमेरा घेतलेला आहे. तो तिपाईवर उत्तरेकडे तोंड करून ठेवायचा आणि रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत एकापाठोपाठ एक फोटो काढत राहायचे. प्रत्येक फोटोला तीस सेकंद झडप उघडी. मधे सेकंदभर उसंत, की पुढचा. आठ तासांत नऊशेच्या वर फोटो होतात. ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचले की प्रत्येक चांदणीची गोल रेघ उमटते, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि सगळं आकाश ध्रुवाभोवती फिरल्यासारखं दिसतं. आणि तेच फोटो एकामागून एक भराभर दाखवले तर सबंध रात्र सिनेमासारखी सरकते. आजीला हाच सिनेमा दाखवायचा होता.

इथपर्यंत सगळं छान. अडचण निघाली ती विजेची. आधी लेकीनं घराच्या गच्चीवर रंगीत तालीम केली, तेव्हा कॅमेऱ्यातली बॅटरी पुरती भरलेली असूनही तीन तासांत संपली. तुम्ही म्हणाल, दुसरी घालावी! पण नेमकं तेच चालत नाही. बॅटरीचं दार तळाशी, म्हणजे तिपाईतून कॅमेरा सोडवायचा, बॅटरी बदलायची, पुन्हा बसवायचा. केसभर जरी तो हलला तरी आधीच्या आणि नंतरच्या रेघा जुळत नाहीत. शिवाय बदलायला जो वेळ जाईल तेवढ्या प्रत्येक रेघेत खाच पडते. विणकामात एक टाका सुटला की कसा सबंध ओळीत दिसतो, तसं.

पूर्वी ही अडचण नव्हती बरं का. सत्तरच्या दशकातले रिळाचे साधे कॅमेरे झडप उघडी ठेवायला वीज मागत नसत. सगळा कारभार स्प्रिंगवर. तारेचं बटण दाबून अडकवून ठेवलं की रात्रभर झडप उघडी, आणि रिळावर चांदण्या आपापल्या रेघा ओढत बसायच्या. आताच्या कॅमेऱ्यात रिळाच्या जागी एक विजेवर चालणारी चकती असते. झडप उघडी आहे तोवर ती जागीच, आणि जागी आहे तोवर खातेच. दिवसा लग्नात पाचशे फोटो काढणारी बॅटरी रात्री तीन तासांत दमते ती म्हणूनच.

मग आम्ही मायलेकी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. विजेचं गणित म्हटलं की आपण बायका उगाच बिचकतो. पण महिन्याचं वाणसामान भरताना आपण हेच करतो की! रोज किती लागतं, किती दिवस लागतं, आणि डब्यात किती आहे. कॅमेऱ्याच्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि १८०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं होतं. मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे, म्हणजे १.८. गुणाकार केला की साधारण १३ वॉट-तास. हा झाला डबा. तो तीन तासांत रिकामा झाला, म्हणजे कॅमेरा तासाला चारेक वॉट-तास खातो. आठ तासांना हवेत ३२. वाटेत तारांमध्ये आणि व्होल्ट कमी करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये थोडं सांडतं, ते धरून ३६-३७. असा डबा कुठं मिळतो ते शोधायचं, एवढंच राहिलं.

ह्यांनी सुचवलं, स्कूटरची बॅटरी काढून न्या. नको! ती बॅटरी स्टार्टरला एकदम जोराचा धक्का द्यायला केलेली असते. रात्रभर थेंबथेंब देत रिकामी होणं तिला मानवत नाही, आणि पुन्हा पहाटे स्कूटर सुरू झाली नाही म्हणजे बसा सड्यावर. मोटारीतल्या सॉकेटमधूनही घेता येतं, पण मग मोटार कॅमेऱ्याला चिकटून उभी हवी. कुणी दार उघडलं की आतला दिवा लागतो, की गेला फोटो. शेवटी मिळाली ती कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तसली सीलबंद बॅटरी, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. वजनाला दोन-अडीच किलो, बाजाराच्या पिशवीत मावणारी. बारा साते चौऱ्याऐंशी. पण ही शिसं-आम्लाची बॅटरी तळापर्यंत खरवडायची नसते. निम्म्याच्या आत ठेवली तर ती टिकते. म्हणजे आपल्या हाती ४२. हवेत ३७. बसलं गणित!

आता बारा व्होल्ट कॅमेऱ्याला सरळ द्यायचे नाहीत. जळेल. मध्ये छोटा कन्व्हर्टर बसवून त्याचे साडेसात-आठ व्होल्ट करायचे. नेमके किती, ते त्या कॅमेऱ्याच्या वीज-जोडणीच्या माहितीत छापलेलं असतं, तेच प्रमाण. कॅमेऱ्यात खऱ्या बॅटरीच्या जागी डमी बॅटरी जाते. दिसायला हुबेहूब बॅटरी, पण आत काही नाही, नुसती वायर बाहेर येते. बॅटरीच्या दाराला कडेला रबराची बारीकशी खिडकी असते, ती याचसाठी, हे मला तेव्हाच कळलं. आम्हांला ही जोडणी ओळखीच्या इलेक्ट्रिकवाल्या दादांनी करून दिली. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी जशाच्या तशा सांगते. बॅटरीच्या अधिक टोकापासून अगदी जवळ दोन अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण तारा एकमेकींना चिकटल्या तर ही लहानशी बॅटरीसुद्धा वायर पेटवू शकते. अधिक-उणे उलटं झालं तर कॅमेरा तिथंच संपला, म्हणून कॅमेरा जोडण्याआधी दर वेळी मीटर लावून बघायचं. आणि वायर तिपाईच्या पायाला बांधून टाकायची, म्हणजे अंधारात कुणाचा पाय अडकला तर झटका तिपाईला बसेल, कॅमेऱ्याच्या नाजूक दाराला नाही.

ज्यांच्याकडे अगदी नवा कॅमेरा आहे त्यांना एवढा खटाटोप नको. तसले काही कॅमेरे मोबाइलच्या वायरनं पॉवर बँकेवरच चालतात. मात्र चांगल्या ताकदीची पॉवर बँक हवी, आणि काही पॉवर बँका वीज फार हळू घेतली जात असेल तर 'कुणी नाही' असं समजून आपणहून बंद पडतात. घरी एक रात्र चालवून बघावं आणि मगच बाहेर न्यावं.

वाटलं, झालं. पण कोकणातली थंडीची रात्र म्हणजे दहिवर! मध्यरात्रीनंतर गवत, मोटारीची टप, सगळं ओलंचिंब होतं. आंब्याला मोहोर धरला की बागायतदार या दहिवरानं धास्तावतात आणि कॅमेरेवालेही. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो तसंच हे. भिंगाची काच उघड्या आकाशाकडे तोंड करून असते, ती आपली ऊब वर सोडत सोडत हवेहूनही गार पडते आणि तिच्यावर पाणी धरतं. मग चांदण्यांच्या जागी नुसते धुराचे बोळे. पुसायला जावं तर कॅमेरा हलतो. ज्या रात्री मतलई वारा वाहतो, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा कोरडा वारा, त्या रात्री दहिवर कमी. पण वारा काही आपल्या घरचा गडी नव्हे.

उपाय म्हणजे भिंगाभोवती गुंडाळायची एक ऊब देणारी पट्टी. मोबाइलच्या वायरवर चालते. काच फक्त हवेपेक्षा किंचित कोमट राहिली की पुरे, भाजायची नाही. आता गंमत ऐका. ही वीतभर पट्टी मंद आचेवरसुद्धा पाच वॉट खाते. म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा जास्त! कोरड्या मुलखातल्या हौशी लोकांना हिची फारशी गरज पडत नसेल, पण आमच्याकडे कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या शालीचा खर्च मोठा. रात्री दहापासून सात तास धरले तरी ३५ वॉट-तास. त्या ४२ मध्ये हे कुठं बसणार? म्हणून पट्टीसाठी वेगळी पॉवर बँक घेतली, २०,००० मिलिअँपिअर-तासांची. आकडा मोठा दिसला तरी तो आतल्या ३.७ व्होल्टांचा असतो. गुणून ७४, आणि हाती साठेक येतात. पट्टीला भरपूर झाले. दोन्ही वेगळं ठेवण्यात शहाणपण आहे. पट्टीनं उधळपट्टी केली तरी कॅमेऱ्याच्या डब्याला हात लागत नाही. घरखर्चाचे पैसे आणि सणाचे पैसे आपण वेगळ्या डब्यांत ठेवतो ते काय उगाच?

पट्टी नसेल आणि दोन-तीनच फोटो काढायचे असतील, तर जुन्या मोज्यात तव्यावर कोमट केलेले तांदूळ भरून तो भिंगाभोवती बांधावा. शेकाच्या पुरचुंडीसारखा. तासभर सहज निभतं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही निघालो. ह्यांनी गाडी चालवायची आणि मग गाडीत झोपायचं, असा करार. भाट्याचा पूल ओलांडून गोळप, पावस. मग पूर्णगडाजवळ मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, पलीकडे गावखडी, तिथलं सुरूचं बन, आणि पुढे कशेळी. दुपारी कनकादित्याचं दर्शन घेतलं. सूर्याची देवळं आपल्याकडे थोडी, त्यांतलं हे एक. आख्यायिका अशी की समुद्रातून आलेली मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवलेली होती, ती कनका नावाच्या बाईला दृष्टान्तानं सापडली, म्हणून देव कनकादित्य. रथसप्तमीला इथं मोठा उत्सव असतो. देवाला आपल्या नावानं ओळखायला लावणारी बाई म्हणजे मोठीच की!

याच कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला एक भला मोठा हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या पोटात आणि भोवती आणखी कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत कशेळीही आहे. ती कुणी कोरली, नेमकी कधी, यावर जाणकारांचा वाद चालू आहे, पण हजारो वर्षांची जुनी हे सगळेच मानतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलत असतो. एक फेरा व्हायला जवळजवळ २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे तो हत्ती इतका जुना असेल तर कोरणाऱ्यांच्या काळी आजचा ध्रुव तारा ध्रुवपदी नव्हता. आमच्या टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या पुस्तकात हाच धागा धरला. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता तो काळ कोणता, ते मोजून त्यांनी वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. सासूबाईंचं तिकांडं आणि टिळकांचं ओरायन एकच, हे लेकीनं सांगितल्यावर सासूबाईंना फारसं आश्चर्य वाटलं नाही. "मग? तेही आपल्याकडचेच ना," म्हणाल्या.

कातळशिल्पांवर पाय देऊ नये, उठून दिसावीत म्हणून खडूनं रेघा मारू नयेत, पाणी ओतू नये. आम्ही तिथून बऱ्याच दूर, मामेसासऱ्यांच्या ओळखीच्यांच्या जागेत, त्यांना विचारून तिपाई लावली. सडा ओसाड दिसला तरी त्याचा मालक असतो, आणि रात्री अनोळखी मोटार उभी दिसली तर गावाला शंका येणारच. आधी सांगून गेलं की तीच माणसं दहा वाजता चहाचा थर्मास घेऊन येतात. दोन बायका रात्रभर सड्यावर कशाला, हा प्रश्न चहाबरोबर आला. "आजीसाठी बाज न्यायची आहे," असं लेकीनं सांगितलं, आणि पुढे कुणी काही विचारलं नाही.

एक सूचना मात्र गांभीर्यानं घ्या. रत्नागिरीचा सडा म्हणजे फुरशाचं घर. हा साप लहान, मातीच्या रंगाचा, रात्री हिंडणारा आणि भलताच विषारी. पायांत घोट्यावरपर्यंतचे बूट हवेत, चपला नव्हेत. दगड उचलायचा नाही, बॅटरीची पिशवी उचलताना आधी उजेड टाकून बघायचं. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावला की डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही आणि फोटोतही फारसा उजेड येत नाही. कन्व्हर्टरवर आणि पॉवर बँकेवर जे टिमटिमणारे दिवे असतात त्यांवर काळी चिकटपट्टी.

नऊ वाजता लेकीनं बटण दाबलं. खट्... तीस सेकंद... खट्. त्यानंतर आम्हांला काही काम नव्हतं, आणि हीच त्या बॅटरीची खरी कमाई. गोधडी अंथरून पाठ टेकली. डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मग मात्र आकाश खाली उतरल्यासारखं वाटतं. आमचं गाव १७ अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर, अगदी ओणवून बघितल्यासारखा. उत्तरेकडे ध्रुव खाली म्हणजे दक्षिणेकडे नफा. दिल्लीकरांना जेमतेम क्षितिजावर दिसणारा अगस्ती आमच्याकडे चांगला वर येतो. समुद्राच्या बाजूला मासेमारीच्या होड्यांचे दिवे, लांबवर, ओळीनं. डावीकडे शर्मिष्ठा कलायला लागली तशी उजवीकडून बाजेचा पहिला खूर वर आला.

तेव्हा लेकीनं सांगितलेली एक हकीगत मला इतकी आवडली की इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडात ॲनी रसेल नावाची बाई ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीच्या नोकरीवर होती. १८९५ साली तिनं तिथल्याच मॉन्डर यांच्याशी लग्न केलं आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवत नाहीत, या नियमानं तिची नोकरी गेली. ती गप्प बसली नाही. आपल्या कॉलेजकडून मिळालेल्या मदतीतून तिनं आकाशगंगेचे फोटो काढायला एक लहानसा कॅमेरा घेतला आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला तो घेऊन आली आपल्या वऱ्हाडात, तळणीला. मोठमोठ्या दुर्बिणींना जमलं नाही ते त्या लहान कॅमेऱ्याला जमलं. सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला, सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब असा प्रकाशाचा झोत तिच्या काचेवर उमटला. १९१६ साली तिथल्या खगोल संस्थेनं बायकांना सभासद करून घेतलं, तेव्हा पहिल्या काहीजणींत ती होती.

त्याच ग्रहणाला नॉर्मन लॉकयर आपले कॅमेरे घेऊन विजयदुर्गावर उतरले होते. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ साली. किल्ल्यावर अजून 'साहेबाचे ओटे' दाखवतात. लॉकयरना हेलियमचा सुगावा १८६८ साली याच ओट्यांवर लागला असं बरेच लोक सांगतात, पण त्या वर्षी ते इंग्लंडातच होते आणि त्यांनी तो वेध तिथूनच घेतला. विजयदुर्गाला ते तीस वर्षांनी आले. आपल्या गावाला मोठेपण द्यायला आलेला माणूस पुरे, त्याची तारीख मागे ओढायला नको, असं माझं मत.

एक वाजता बाज पुरती वर आली होती, उभीच्या उभी, आणि मागचे तीन चोर खाली क्षितिजाशी. सासूबाईंचं घड्याळ बरोबर होतं. दोनला दहिवर उतरलं. गोधडी ओली, केस ओले, थर्मास ओला. लेकीनं लाल उजेडात भिंग बघितलं. कोरडं ठणठणीत. साडेतीनच्या सुमारास डोळा लागला होता तो कोल्हेकुईनं उघडला, तर अंधारात तेच चालू, खट्... खट्... पहाटे पाचला थांबलो तेव्हा फोटो झाले होते ९२८. मीटर लावून बघितलं, बॅटरीत अजून निम्म्याच्या वर थोडं शिल्लक होतं.

चार दिवसांनी लेकीनं तो सिनेमा टीव्हीवर लावला. आठ तासांची रात्र सदतीस सेकंदांत. सासूबाई चष्मा लावून पुढ्यात खुर्ची घेऊन बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "एवढी घाई कसली गो तिला?" मग लेकीनं तो सावकाश केला. बाज उगवायला लागली तसे त्यांनी बोटानं चार खूर मोजले, एक, दोन, तीन, चोर मोजले, आणि काही न बोलता पुन्हा लाव म्हणून खूण केली. तिसऱ्या वेळी त्यांचं लक्ष ध्रुवाच्या खाली गेलं. तिथं क्षितिजावर पिवळसर उजेडाचा पट्टा होता, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत.

"हा कसला उजेड? इतक्यात उजाडलं?"

"नाही आजी. ती रत्नागिरी. कशेळीहून उत्तरेलाच येते ना."

"म्हणजे आपला चौकातला दिवासुद्धा त्यातच?"

"त्यातच."

बॅटरीचं म्हणाल तर ती आल्या आल्या चार्जिंगला लावली. शिसं-आम्लाची बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली की कामातून जाते, म्हणून वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा भरायची. पावसाळ्यात आकाश नसतंच, तेव्हा तिच्यावर एक लहान एलईडी दिवा लावून ठेवायचं ठरवलंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते आम्ही विसरलेलो नाही. त्याआधी मात्र वैशाखातली अमावास्या आहे. तेव्हा रात्री नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिणेला त्रिशंकू उभा राहतो, क्षितिजापासून जेमतेम तेरा अंशांवर, आणि मध्यरात्रीच्या आतच वृश्चिकामागून आकाशगंगेचा जाड पट्टा वर येतो. या वेळी तिपाई दक्षिणेला तोंड करून लावायची. त्या बाजूला आडिवरं. तिकडे उजेड कमी, असं सासूबाईंनी फोन करून भावाकडून पक्कं करून घेतलं आहे.